किशोरवयीन मुलांसाठी कलागट सुरू करताना

चित्र काढताना, गाताना किंवा माती मळताना मुलांचे मन हलके होते, हे आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलेले असते. मात्र आठ-दहा किशोरवयीन मुलांना एका खोलीत बसवून हे घडवून आणायचे ठरवले, की पहिल्या अर्ध्या तासातच प्रश्न उभे राहतात. कोरा कागद पुढे आला की निम्मी मुले ‘मला चित्रकला येत नाही’ म्हणत हात मागे घेतात, एखादी मुलगी अख्खा कागद काळा करून ठेवते आणि आपल्या छातीत धस्स होते, कोणी मध्येच उठून जाते, तर कोणी आजवर कोणालाही न सांगितलेली गोष्ट अचानक सांगू लागते. हा लेख अशा प्रसंगांना पहिल्यांदाच सामोरे जाणाऱ्या शिक्षकांसाठी, स्वयंसेवकांसाठी आणि पालकांसाठी आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार १० ते १९ या वयोगटातील दर सात जणांपैकी एकाला कोणता ना कोणता मानसिक विकार असतो, आणि त्यांतील बहुतेकांचा त्रास ओळखला जात नाही, त्यावर उपचारही होत नाहीत. याच संघटनेच्या युरोप विभागाने २०१९मध्ये कला आणि आरोग्य यांच्या संबंधावरील ३,०००हून अधिक अभ्यासांचा आढावा प्रसिद्ध केला. आजार टाळण्यासाठी, स्वास्थ्य जपण्यासाठी आणि आजारपणात उपचारांना जोड म्हणूनही कलांचा उपयोग होतो, असे त्यातून दिसले. माझ्या दृष्टीने याचे कारण साधे आहे. किशोरवयात मनातले सांगण्याची गरज सर्वाधिक असते आणि सांगण्याची तयारी सर्वांत कमी. समोरासमोर बसून ‘काय झाले ते सांग’ म्हटले की तोंडाला कुलूप लागते. पण हात कामात असले, नजर कागदावर असली आणि शेजारी दुसरे कोणी तसेच काम करत असले, की ते कुलूप सैल होते.

आधी स्वतःच्या कामाची सीमा ठरवा

कलोपचार आणि कलागट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. इंग्रज चित्रकार एड्रियन हिल क्षयरोगातून बरे होत असताना आरोग्यधामात चित्रे काढत असत आणि इतर रुग्णांनाही त्यासाठी प्रवृत्त करत. १९४२मध्ये त्यांनी ‘आर्ट थेरपी’ हा शब्दप्रयोग वापरला. तेव्हापासून या विषयाचे स्वतंत्र शास्त्र उभे राहिले असून कलोपचारतज्ज्ञ होण्यासाठी दीर्घ प्रशिक्षण आणि अनुभवी व्यक्तीच्या देखरेखीखालील काम आवश्यक असते. तुम्ही तसे प्रशिक्षण घेतलेले नसेल तर तुम्ही कलागट चालवत आहात, उपचार करत नाही. हे मुलांना, त्यांच्या पालकांना आणि मुख्य म्हणजे स्वतःला पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगा. ही सीमा ठरली की बरेच ओझे उतरते, कारण कोणाच्याही मनाचा थांग लावण्याची जबाबदारी तुमच्यावर उरत नाही. मुलांना निर्धास्तपणे काहीतरी घडवता येईल अशी जागा देणे आणि ती आठवडोनुआठवडे तशीच टिकवणे, एवढेच तुमचे काम आहे, आणि ते पुरेसे मोठे आहे.

जागा, वेळ आणि माणसे

गटात आठ ते दहा मुले असावीत आणि दर वेळी दोन प्रौढ हजर असावेत. दुसरी व्यक्ती मदतीसाठी तर हवीच. पण एखादे मूल रडत बाहेर गेले, तर एकाला त्याच्याबरोबर जाता यावे आणि दुसऱ्याला गट सांभाळता यावा, हे तिचे खरे कारण आहे. कोणताही प्रौढ कोणत्याही मुलाबरोबर बंद दाराआड एकटा राहणार नाही, हा नियम विनाअपवाद पाळा. वयाचे अंतर फार ठेवू नका. बारा वर्षांच्या मुलासमोर सतरा वर्षांची मुले मोकळी होत नाहीत आणि उलटही तसेच घडते.

आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी, साधारण दीड तास, असे सलग दहा आठवडे ठरवा. ज्यांच्या घरी किंवा मनात बरीच उलथापालथ चालू असते, त्यांना ‘बुधवारी पाच वाजता ती खोली उघडी असते’ या भरवशाचा आधार कोणत्याही कलाकृतीहून मोठा वाटू शकतो. म्हणून सत्र शक्यतो रद्द करू नका, आणि करावेच लागले तर आधी कळवा.

खोलीत ये-जा करणारे लोक डोकावणार नाहीत अशी व्यवस्था असावी, हात धुण्यासाठी पाणी जवळ असावे, आणि एका कोपऱ्यात चटई अंथरलेली असावी, जिथे काहीही न करता नुसते बसून राहण्याची मुभा असेल. सुरुवातीपूर्वी पालकांची लेखी संमती घ्या. तसेच जवळच्या एखाद्या समुपदेशकाला किंवा मानसोपचारतज्ज्ञाला भेटून, गरज पडल्यास त्यांच्याकडे मुलांना कसे पाठवता येईल ते ठरवून ठेवा; ऐन वेळी दूरध्वनी क्रमांक शोधण्याची पाळी येता कामा नये.

साहित्य निवडताना

साहित्य महाग असण्याची गरज नाही, पण प्रत्येक साहित्याचा स्वभाव ओळखायला हवा. पेन्सिल, स्केचपेन, रंगीत कागदांचे तुकडे यांच्यावर हाताचा ताबा राहतो. त्यामुळे बिचकलेल्या किंवा आधीच अस्वस्थ असलेल्या मुलांना त्यांचा आधार वाटतो. जलरंग, पातळ पोस्टर रंग, ओली माती ही साहित्ये वाहतात, पसरतात, हाताला जुमानत नाहीत. त्यातून भावना लवकर वर येतात, आणि कधी कधी मुलाला झेपणार नाही इतक्या वेगाने येतात. म्हणून पहिली दोन-तीन सत्रे ताब्यात राहणाऱ्या साहित्यावर काढा आणि मग हळूहळू वाहत्या साहित्याकडे वळा. तैलखडू या दोहोंच्या मधले आहेत: दाबून ओढले तर ठसठशीत उठतात, बोटाने घासले तर धूसर होतात.

‘मला येत नाही’ म्हणणाऱ्यांसाठी कोलाज सर्वांत सोयीचे. जुनी मासिके, कात्री आणि गोंद दिला, की रेघ मारण्याची भीती उरत नाही. चित्रे आधीच तयार असतात, फक्त निवडायची असतात. अमेरिकेत गिरिजा कैमल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका छोट्या अभ्यासात ३९ प्रौढांना स्केचपेन, माती आणि कोलाजचे साहित्य देऊन ४५ मिनिटे हवे ते करू दिले. सुमारे तीन चतुर्थांश जणांच्या लाळेतील कॉर्टिसॉल या ताणाशी निगडित संप्रेरकाची पातळी त्यानंतर कमी झालेली आढळली, आणि आधी कलेचा अनुभव असण्या-नसण्याने त्यात फरक पडला नाही. हा अभ्यास मोठ्यांवर झालेला असला तरी हात आखडून बसलेल्या मुलाला त्यातला शेवटचा मुद्दा जरूर सांगावा.

मातीविषयी थोडे अधिक सांगतो. आमच्या गटात एक मुलगा होता, साधारण चौदा वर्षांचा. पहिले तीन आठवडे तो मातीचा गोळा करायचा, तळहाताखाली दाबून चपटा करायचा, पुन्हा गोळा करायचा, पुन्हा चपटा. शेजारच्या मुलांच्या बाहुल्या, घरे, गाड्या पूर्ण होत होत्या आणि याच्यासमोर दर वेळी शेवटी एक चपटी चकती उरायची. मला सारखे वाटत होते की त्याला काहीतरी सुचवावे. माझ्या सहकारी ताईंनी मला थांबवले. चौथ्या आठवड्यात त्याने त्या चकतीच्या कडा अंगठ्याने वर उचलल्या आणि पाण्याचे बोट फिरवत एक ओबडधोबड वाटी केली. तिच्या आतल्या बाजूला त्याच्या अंगठ्याचे ठसे ओळीने उमटले होते. त्याने ती पुसून गुळगुळीत केली नाही; उलट प्रत्येक ठशात पुन्हा एकदा अंगठा बसवून पाहिला. कागदावर चुकलेली रेघ तशीच राहते, माती मात्र कितीही वेळा मोडू देते आणि मोडल्याची खूणही ठेवत नाही. ज्यांना चुकण्याची धास्ती असते, त्यांच्यासाठी याहून चांगले साहित्य मला माहीत नाही.

पहिले सत्र

पहिली दहा मिनिटे नियमांसाठी द्या, पण ते मुलांकडूनच काढून घ्या. ‘इथे निर्धास्त वाटण्यासाठी काय काय हवे?’ असे विचारले की बहुतेक गोष्टी त्यांच्याकडूनच येतात: कोणी कोणाच्या कामाला हसायचे नाही, न विचारता कोणाचा कागद उचलायचा नाही, फोटो काढायचे नाहीत. दोन नियम मात्र तुम्हीच घाला. एक म्हणजे ‘मी आज हे करणार नाही’ असे म्हणण्याचा हक्क प्रत्येकाला आहे आणि त्याचे कारण द्यावे लागणार नाही. दुसरा गोपनीयतेचा: ‘इथले बोलणे इथेच राहील, पण कोणाच्या जिवाला किंवा सुरक्षिततेला धोका आहे असे मला कळले, तर ती गोष्ट मी माझ्याजवळ ठेवू शकणार नाही, आणि कोणाला सांगायची झाली तर आधी तुला सांगेन.’ ही पुस्ती पहिल्याच दिवशी जोडली नाही, तर पुढे एखाद्या मुलाचा विश्वासघात करण्याची वेळ तुमच्यावर येईल.

त्यानंतर लगेच हात कामाला लावा. ब्रिटिश बालमानसोपचारतज्ज्ञ डॉनल्ड विनिकॉट मुलांबरोबर रेघोट्यांचा एक खेळ खेळत असत. ते डोळे मिटून कागदावर एक वेडीवाकडी रेघ ओढायचे आणि मूल तिचे काहीतरी बनवायचे. मग मूल रेघ ओढायचे आणि ते तिचे काहीतरी बनवायचे. विनिकॉट यांना त्यातून मुलांशी संवाद साधायचा असे. आपल्याला हा खेळ संकोच मोडण्यासाठी जोड्या करून खेळता येतो. यात चांगले चित्र किंवा वाईट चित्र असे काही संभवतच नाही, म्हणून तो पहिल्या दिवसासाठी योग्य. त्यातील निम्म्या वेळी तुम्हीही खेळा. हात बांधून फेऱ्या मारणारा प्रौढ मुलांना परीक्षेतील पर्यवेक्षकासारखा वाटतो.

शेवटची पंधरा मिनिटे आवराआवरीसाठी राखून ठेवा. ब्रश धुणे, टेबल पुसणे, आपले काम आपल्या नावाच्या फोल्डरमध्ये ठेवणे या कृतींनी मन भानावर येते आणि मूल बाहेरच्या जगात जायला तयार होते.

काय बोलावे, काय बोलू नये

नवख्या माणसाच्या हातून सर्वाधिक चुका इथे होतात, म्हणून हा भाग सावकाश वाचावा.

पहिली चूक म्हणजे अर्थ लावणे. काळा रंग म्हणजे नैराश्य, दार नसलेले घर म्हणजे एकटेपणा, मोठे दात म्हणजे राग, असे ठोकताळे सर्वत्र ऐकू येतात. एकाच चित्रावरून मुलाच्या मनाचे निदान करता येत नाही. अख्खा कागद काळा करणाऱ्या ज्या मुलीचा उल्लेख मी सुरुवातीला केला, तिला मी फक्त ‘कागदाचा एकही कोपरा सुटलेला नाही’ एवढेच म्हटले होते. ती म्हणाली, ‘थांबा, अजून झाले नाही,’ आणि पेनाच्या टोकाने तो काळा थर खरवडू लागली. खाली तिने आधीच लावून ठेवलेले पिवळे, केशरी, निळे तैलखडू होते. दहा मिनिटांत त्यातून रात्रीचे एक शहर उजेडात आले. मी त्या वेळी चिंतेचा चेहरा करून तिच्याशेजारी बसलो असतो, तर तिने बहुधा पेन खाली ठेवले असते.

दुसरी चूक म्हणजे कौतुकाचा वर्षाव आणि बक्षिसे. मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी १९७३मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग या बाबतीत अजूनही डोळे उघडणारा आहे. चित्रे काढण्याची मुळातच आवड असलेल्या बालवाडीतील काही मुलांना ‘चित्र काढले तर प्रशस्तिपत्र मिळेल’ असे आधी सांगितले गेले. पुढे काही दिवसांनी मोकळ्या वेळात पाहिले, तर ही मुले इतरांच्या सुमारे निम्माच वेळ चित्रांना देत होती. ज्यांना कसलीही कल्पना न देता अचानक बक्षीस मिळाले होते, त्यांची आवड मात्र कमी झाली नव्हती. आवडीचे काम मोबदल्याचे झाले की त्यातली गोडी आटते. किशोरवयीन मुले तर आधीच गुण, क्रमांक आणि तुलना यांनी वेढलेली असतात. निदान दीड तास तरी त्यांना यातून सुटका मिळू द्या. म्हणून स्पर्धा ठेवू नका, ‘आजचे सर्वोत्तम चित्र’ निवडू नका.

मग बोलायचे काय? जे दिसते ते बोला. ‘इथे तू रंग दाबून भरलास आणि इथे अगदी हलका हात ठेवलास.’ ‘ही नदी कागदाच्या बाहेर जाते आहे.’ अशा वाक्यांतून कोणीतरी आपले काम नीट पाहिले, एवढे मुलाला कळते. विचारायचेच असेल तर ‘हे काय आहे?’ ऐवजी ‘याबद्दल काही सांगावेसे वाटते का?’ असे विचारा, आणि ‘नाही’ हे उत्तरही सहज स्वीकारा.

विषय देताना

‘तुमचे सर्वांत मोठे दुःख चितारा’ असा विषय कधीही देऊ नका. मनातले बाहेर काढले की बरे वाटते, हा समज अर्धाच खरा आहे. जेनिफर ड्रेक आणि एलेन विनर यांनी ६ ते १२ वर्षांच्या मुलांवर केलेल्या अभ्यासात, निराश करणारा प्रसंग आठवल्यानंतर त्याच प्रसंगाचे चित्र काढणाऱ्यांपेक्षा, त्याच्याशी संबंध नसलेले चित्र काढणाऱ्यांची मनःस्थिती अधिक सुधारली. दुःख विसरून एखाद्या झाडाच्या पानांत तासभर रमणे ही पळवाट नसून विश्रांती असते, आणि थकलेल्या मनाला ती हवी असते.

लेखनाची गोष्ट थोडी निराळी आहे. जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील यांच्या १९८६मधील प्रयोगात महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी सलग चार दिवस रोज १५ मिनिटे लिहिले. स्वतःच्या क्लेशदायक अनुभवांबद्दल घटना आणि भावना या दोन्हींसह लिहिणाऱ्यांना लिहून झाल्यावर लगेच अधिक वाईट वाटले, परंतु पुढील सहा महिन्यांत त्यांना आरोग्यकेंद्रात कमी वेळा जावे लागले. म्हणजे लाभ आहे, पण तो उशिरा येतो आणि आधी मन ढवळून निघते. त्यामुळे लेखनाचे सत्र संपताच मुलांना घरी पाठवू नका; नंतर काही वेळ चित्रे रंगवणे, गाणे असे काही ठेवा. लिहिलेले कोणाला दाखवायचे, ठेवायचे की फाडायचे हे लिहिणाऱ्यानेच ठरवावे.

विषय असे द्या, ज्यात मूल हवे तितके खोल जाऊ शकेल आणि हवे तर काठावरही राहू शकेल. ‘एक दार’, ‘पावसानंतर’, ‘माझ्या खिशातील वस्तू’, ‘नकाशात नसलेले बेट’. कोणी दारावर नुसती नक्षी काढेल, कोणी दारामागे काय आहे ते काढेल. दोन्ही सारखेच योग्य.

गाणे आणि नाटक

गट लवकर जुळावा असे वाटत असेल तर गाण्याने सुरुवात करा. प्रौढांच्या गायन, हस्तकला आणि लेखन वर्गांची तुलना करणाऱ्या, २०१५मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश अभ्यासात गाणाऱ्यांमध्ये जवळीक पहिल्या महिन्यातच निर्माण झाली. सात महिन्यांनंतर मात्र सर्व वर्ग सारख्याच पातळीवर आले होते. आवाज फुटण्याच्या वयातील मुलांना एकट्याने गायला सांगू नका. टाळ्या, चुटक्या आणि टेबलावरचे ठेके यांनी सुरुवात करा, आवाज मागून येतो.

नाटकात काळजी अधिक घ्यावी लागते, कारण तिथे स्वतःचे शरीरच साहित्य असते. मुलांना स्वतःच्या आयुष्यातील प्रसंग करायला न लावता कल्पित पात्रे द्या, आणि सत्र संपण्यापूर्वी प्रत्येकाला भूमिकेतून बाहेर काढा. त्यासाठी हातपाय झटकावे, ‘मी आता तो राजा नाही, मी अमुक’ असे स्वतःचे नाव मोठ्याने घ्यावे आणि जागा बदलावी. हे करायला दोन मिनिटे लागतात, पण रागावलेल्या बापाची भूमिका करणाऱ्या मुलाला तो राग घरी न्यावा लागू नये यासाठी ती आवश्यक आहेत.

अवघड प्रसंग आला तर

एखादे मूल मारहाण, लैंगिक अत्याचार, स्वतःला इजा करणे किंवा मरणाचे विचार यांबद्दल बोलले, तर शांतपणे ऐका, ‘सांगितलेस ते बरे केलेस’ असे म्हणा, तपशील खोदून विचारू नका, आणि ‘कोणाला सांगणार नाही’ असे वचन देऊ नका. आत्महत्येचा विचार मनात येतो का, हे सरळ शब्दांत विचारल्याने तो विचार रुजत नाही. उलट बोलण्याची वाट मोकळी होते. तातडीचा धोका दिसला तर मुलाला एकटे सोडू नका आणि त्याच दिवशी तज्ज्ञांशी संपर्क साधा. घरातूनच धोका असेल तर पालकांशी बोलण्यापूर्वी बालसंरक्षणाचे काम करणाऱ्या यंत्रणेचा सल्ला घ्या.

दोन आठवड्यांहून अधिक काळ टिकलेली उदासी, झोप किंवा भूक यांत मोठा बदल, मित्रांपासून तुटत जाणे, आवडत्या वस्तू वाटून टाकणे ही लक्षणे दिसली तर ‘कलेने होईल बरा’ म्हणून वाट पाहू नका. उपचार सुरू झाले तरी गटातील जागा मात्र राखून ठेवा. तिचा त्या काळात अधिकच उपयोग होतो.

दाखवायचे की नाही

पहिल्या वर्षी माझ्या हातून एक चूक झाली. पाचव्या सत्रानंतर खोली छान दिसावी म्हणून मी सगळी चित्रे भिंतीवर लावली, आणि कोणालाही विचारले नाही. पुढच्या आठवड्यात एका मुलीने दारातूनच भिंतीकडे पाहिले, आत येऊन स्वतःचे चित्र उलटे केले, टाचण्या पुन्हा नीट टोचल्या आणि ती निघून गेली. ती परत आली नाही. तेव्हापासून काम ज्याचे त्याच्या मालकीचे, हा नियम मी स्वतःलाही लावून घेतला आहे. प्रदर्शन किंवा प्रयोग करायचा असेल तर तो मुलांना हवा म्हणून व्हावा, प्रत्येकाला वेगळे विचारावे, आणि रंगमंचामागची कामेही तितक्याच मानाची असावीत.

बदल ओळखणे आणि गट संपवणे

चित्रे अधिक सुबक झाली का, हे पाहू नका. मूल वेळेवर येऊ लागले का, पूर्ण वेळ थांबते का, बिघडलेले काम फाडण्याऐवजी त्यातून दुसरे काही करू लागले का, शेजाऱ्याला खोडरबर मागते का, अशा गोष्टी दर सत्रानंतर दोन-तीन ओळींत लिहून ठेवा. दहा आठवड्यांनी त्या वहीतून बरेच काही दिसते.

गट कधी संपणार हे पहिल्या दिवशी सांगितलेले असले, तरी शेवटून तिसऱ्या सत्रात पुन्हा सांगा, कारण काही मुले ते ऐकूनही विसरलेली असतात. शेवटच्या सत्रात नवे काम देऊ नका. प्रत्येकाला आपले फोल्डर उघडून पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहू द्या. या वेळी खोलीत फारसे कोणी बोलत नाही, आणि ती शांतता मोडू नये. काम घरी न्यायचे, इथे ठेवायचे की टाकून द्यायचे हे ज्याने त्याने ठरवावे. काहींच्या घरी ते ठेवण्याजोगी जागा नसते, काहींना ते घरच्यांच्या नजरेस पडू द्यायचे नसते. अशांची फोल्डर सहा महिने कपाटात जपून ठेवा, वर नाव आणि परत नेण्याची तारीख लिहा, आणि कपाटाची किल्ली कोणाकडे असेल ते त्यांना सांगून ठेवा.